उभ्या वीणेतलं बोलणं

तात्यांचे पाय लटपटायला लागले तेव्हा मांडवात विठ्ठल-रखुमाईची तसबीर होती आणि मी होते. दोघांशीही तात्यांना बोलता येत नव्हतं. विठ्ठल उत्तर देत नाही म्हणून, आणि मी सून म्हणून.

तात्या म्हणजे माझे सासरे, रंगनाथ वाबळे. निंबगव्हाणातले सगळ्यांत जुने वीणेकरी. अखंड हरिनाम सप्ताहाचा तो सहावा दिवस होता आणि बारा ते दोनचा पहारा आमच्या घराण्याचा. गावात पहिला सप्ताह बसला तेव्हापासून आमचा, म्हणजे अनादी काळापासून. आमच्या गावातला अनादी काळ धरणाचा कालवा आला त्या वर्षी सुरू होतो.

वीणेचा नियम साधा आहे. एकदा गळ्यात घातली की पुढचा माणूस येऊन स्वतःच्या गळ्यात घेईपर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही. वीणेकऱ्यानं बसायचं नाही, खायचं नाही, पाणी प्यायचं नाही आणि नामावाचून दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही. सात दिवस, सात रात्री. याला अखंड म्हणतात. ज्याला शेवट नाही ते अखंड असं मी शाळेत शिकले होते, पण शाळा माहेरच्या गावातली होती. निंबगव्हाणात अखंड सोमवारी सुरू होतं आणि पुढच्या सोमवारी काल्याच्या पंगतीबरोबर आटोपतं. वेशीत ‘अखंड वीजपुरवठा योजना’ अशी पाटी होती, तिच्या बाजूच्या खांबावर वीज दुपारभर नसायची. बायकांच्या नावामागं अखंड सौभाग्यवती लावायची पद्धत आहे, त्यात माझ्या सासूबाई तेवढ्या शब्दाला जागल्या. त्या तात्यांच्या आधी गेल्या.

आणि कायमचं हा शब्द तर आमच्या घरात मिठासारखा वापरला जायचा. उंदरांचा कायमचा बंदोबस्त दर महिन्याला व्हायचा. माझे यजमान तंबाखू कायमची सोडायचे, साधारण पोळ्याला आणि पाडव्याला. तात्यांनी मात्र एकदाच हा शब्द उच्चारला आणि पाळला. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या लोखंडी पेटीतलं हिरवं लुगडं मी बोहारणीला दिलं आणि त्यावर एक पातेलं घेतलं. तात्यांनी पेटी उघडली, बंद केली आणि ओट्यावर येऊन म्हणाले, “आजपासून तुझं माझं बोलणं बंद. कायमचं.”

मी का दिलं हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. मीही काही कमी नव्हते.

त्यानंतर सहा वर्षं आमच्या घरात सगळा व्यवहार यजमानांमार्फत चालला. तात्या ओट्यावरून म्हणायचे, “भागवत, तिला सांग, भाजीत मीठ कमी हाय.” मी चुलीपाशी, तीन हातांवर. भागवतराव वळून म्हणायचे, “मीठ कमी हाय म्हणतात.” मी म्हणायचे, “बरणी तिथंच आहे म्हणावं.” ते पुन्हा वळायचे, “बरणी तिथंच हाय म्हणती.” जगात फोन आले आणि सुधारले, पण आमच्याकडे भागवतरावच राहिले. ते शेतात गेले की घरात दोन माणसं असून शुकशुकाट असायचा.

पातेल्याचं तात्यांना कधी कळलं नाही. निदान मी तसं धरून चालले होते. भांडं कुठून आलं हे विचारायची पुरुषांना सवय नसते, त्यात काय आलं एवढंच ते बघतात. मी त्यात रोज सकाळ-संध्याकाळ त्यांचं दूध तापवायचे. बोहारीण देताना म्हणाली होती, “घ्या वहिनी, जाड बुडाचं हाय. कायमचं झालं तुम्हाला.” मी मनात म्हटलं, आणखी एक कायमचं.

तर तो सहावा दिवस. रात्रीच्या कीर्तनाला लांबून मोठे महाराज येणार होते आणि त्यांना फाट्यावरून वाजतगाजत आणायचं होतं. त्यांच्या गळ्यात पहिला हार वरच्या आळीनं घालायचा की खालच्या आळीनं, यावर तीन बैठका झाल्या होत्या. तोडगा निघाला नाही म्हणून दोन्ही आळ्या सगळ्याच्या सगळ्या फाट्यावर गेल्या. टाळकरी गेले, मृदंग गेला, लेझीम गेलं, पताका गेल्या. ज्याला दोन वाजता वीणा घ्यायची होती तो वरच्या आळीचा लिंबाजीही गेला. खालच्या आळीला वाटलं, वरच्यांनी माणूस मागं ठेवला असेल. वरच्या आळीला वाटलं, खालच्यांनी ठेवला असेल. काम दुसरी आळी करील यावर मात्र दोन्ही आळ्यांचं कायम एकमत असतं. बायका गावाबाहेरच्या मळ्यात भाकरी थापत होत्या. आणि अखंड नाम एका म्हाताऱ्याच्या गळ्यात अडकवून गाव महाराजांच्या स्वागताला गेलं होतं.

एरवी मांडवातलं नाम मंदिराच्या शिखरावरच्या कर्ण्यातून साऱ्या शिवाराला ऐकू जायचं. तात्यांचा आवाज बसलेला कोणाच्या तरी कानावर आला असता. पण वीज गेलेली. अखंड पुरवठा चालू होता.

तात्या दोनला सुटून जेवायला घरी यायचे. बराच वेळ झाला तरी आले नाहीत. त्यांनी सकाळी साखरेची गोळी घेतली होती आणि त्यावर फक्त बिनसाखरेचा चहा. पहाऱ्याच्या आधी ते जेवत नसत. भागवतराव फाट्यावर. शेवटी मी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन निघाले आणि मांडवाच्या कडेच्या खांबाशी उभी राहिले.

तात्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. ओठ पांढरे. तारेवरचं बोट हलत होतं, पण ताल चुकत होता.

“तात्या, काय होतंय?” मी विचारलं.

अबोला त्यांचा होता, माझा नव्हता. मी अधूनमधून बोलायचे, उत्तर भागवतरावांकडून यायचं. आज भागवतराव नव्हते. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तसबिरीकडे पाहिलं आणि चालीतच म्हणाले,

“जय जय रामकृष्णहरि… पांडुरंगा, लिंबाजी कुठं मेला… जय जय रामकृष्णहरि.”

मला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग पुन्हा आलं. “रामकृष्णहरि… देवा, डोळ्यापुढं अंधारी येतीया… रामकृष्णहरि.”

नामावाचून शब्द काढायचा नाही आणि सुनेशी बोलायचं नाही, अशा दोन कुंपणांत सापडलेला माणूस. त्यानं दोन्हीच्या मधून वाट काढली होती. शब्द चालीत बसवले होते आणि तोंड देवाकडे ठेवलं होतं.

“गूळ आणलाय. तोंडात टाका,” मी म्हटलं.

“रामकृष्णहरि… वीणा गळ्यात हाय, पांडुरंगा… कसं खाऊ… रामकृष्णहरि.”

“मग खाली ठेवा घटकाभर. कोणी बघत नाही.”

आता मात्र त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी जणू नातीला आडात टाका म्हणाले होते. मग मान पुन्हा तसबिरीकडे. “रामकृष्णहरि… देवा, इतक्या वर्सात खंड न्हाई… माझ्या हातानं व्हायचा न्हाई… रामकृष्णहरि.”

“मग माझ्याकडं द्या.”

त्यांनी वीणा छातीशी घट्ट धरली. मग हळू आवाजात, “रामकृष्णहरि… बाईमाणसाला चालत न्हाई, विठ्ठला… रामकृष्णहरि.”

वीणेकऱ्यांच्या पंगतीला लागणाऱ्या भाकरी बाईमाणसाच्या चालतात, मांडव सारवायला बाईमाणूस चालतं. वीणा चालत नाही. मी म्हटलं, “मग देवालाच सांगा धरायला. नाहीतरी कमरेवर हात ठेवून रिकामाच उभा आहे.”

तात्या हसले असते तर बरं झालं असतं. त्यांचा उजवा गुडघा वाकला. एका हातानं त्यांनी खांब धरला, दुसरा हात वीणेखाली होता. ते पडले तर वीणेचा भोपळा फुटणार होता, आणि तात्या तो वाचवायला जाऊन डोक्यावर पडणार होते, हे मला चुलीवरच्या उतू जाणाऱ्या दुधासारखं आधीच दिसत होतं. मला भीती वाटली. सहा वर्षांचा राग होता तो होताच, पण भीती वाटली. हाक मारायला गावात माणूस नव्हतं.

“तात्या, तुम्ही पडलात तर खंड होईलच. वर मला सुतक येईल. द्या इकडं.”

त्यांनी डोळे मिटले. नाम चालूच होतं, पण आता ते नुसत्या श्वासासारखं येत होतं. मग म्हणाले,

“रामकृष्णहरि… सूनबाई… घे.”

मी डोक्यावरचा पदर खोचला आणि वीणेच्या पट्ट्यात मान घातली. काही क्षण ती दोघांच्या गळ्यात होती. तात्यांनी माझं बोट धरून तारेवर ठेवलं, मी नाम उचललं, मग त्यांनी आपली मान काढून घेतली. आणि ते वाकले. वीणा देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या पाया पडायचं असतं, ती रीतच आहे. मी पाय मागं घेतले. त्यांनी घोट्याला धरून पुढं ओढले आणि डोकं टेकवलं. लग्न होऊन आल्यापासून दर सणाला मी त्या माणसाच्या पाया पडत होते. माझ्या पावलाला त्यांचं गार कपाळ लागलं तेव्हा कुठं बघावं ते मला कळेना, म्हणून मी विठ्ठलाकडे पाहिलं. तोही दुसरीकडेच बघत होता.

मग ते खांबाला टेकून बसले. गूळ खाल्ला, तांब्या तोंडाला लावला. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला. रंग आल्याबरोबर त्यांनी माझ्याकडे पाठ केली.

आता वीणा गळ्यात नव्हती, तेव्हा अबोला पुन्हा लागू झाला होता.

इथं माझं डोकं फिरलं. पाया पडून झालं, माझ्या हातचा गूळ पोटात गेला, आणि पाठ. मी म्हटलं, ठीक आहे. चालीत बोलायला काय फक्त पुरुषांनाच येतं?

“जय जय रामकृष्णहरि… तात्या, गोळी घेऊन उपाशी राहायला कोणत्या संतानं सांगितलं… रामकृष्णहरि.”

पाठ हलली नाही.

“रामकृष्णहरि… लुगड्यापायी सहा वर्षं तोंड फिरवलंत… एकदा विचारलंत का, का दिलं… रामकृष्णहरि.”

पाठ थोडी ताठ झाली. मला चांगलाच सूर लागला होता. बोट आपोआप तारेवर पडत होतं.

“रामकृष्णहरि… तुम्ही दर अमावास्येला पेटी उघडायचा… लुगड्याची घडी मांडीवर घ्यायचा… आणि दोन दोन दिवस अन्नाला शिवायचा नाहीत… रामकृष्णहरि… सासूबाई जाताना माझा हात धरून एकच बोलल्या… हे जेवत नाहीत गं, बघ… रामकृष्णहरि… मी काय बघायचं होतं, तात्या… लुगडं बघायचं की तुम्हाला…”

एवढ्यात कुठंतरी खट्ट झालं. मी लक्ष दिलं नाही.

“…रामकृष्णहरि… तुमची बायको होती, माझ्या त्या कोणीच नव्हत्या का… सहा महिने मी त्यांचं अंथरूण काढलं… मला रडायला पेटी नव्हती… तुमचा अबोला बरा, निदान जेवत तरी होतात… मीठ कमी म्हणायला का होईना, जेवत होतात… रामकृष्णहरि.”

माझ्या शेवटच्या ‘हरि’नंतर आणखी एक ‘हरि’ आला. लांबून, वरून, आणि माझ्याच आवाजात.

वीज आली होती. शिखरावरचा कर्णा चालू होता. माझं सांसारिक नाम निंबगव्हाणाचं शिवार, मळा, कालवा आणि फाट्यापर्यंत पोहोचलं होतं. नक्की कुठपासून, हे मला पुढं लोकांनी सांगितलं. अंथरुणापासून.

मी गप्प होणार होते, पण गप्प झाले असते तर खंड झाला असता. म्हणून मी शुद्ध नाम घेत राहिले, आणि एवढं शुद्ध नाम त्या सप्ताहात दुसऱ्या कोणी घेतलं नसेल.

तात्यांनी अजून तोंड वळवलं नव्हतं. धोतराचा सोगा मात्र त्यांनी दोनदा डोळ्यांपर्यंत नेला. घाम असेल.

थोड्या वेळात गाव आलं. लेझीम खांद्यावर, टाळ गळ्यात, आणि मिरवणूक विस्कटून पळत. सगळ्यांत पुढं सोपानराव देठे, सप्ताह समितीचे अध्यक्ष, हातात न घातलेला हार. मागं महाराजांची जीप. मांडवाच्या तोंडाशी सगळे थबकले. आतमध्ये वाबळ्यांची सून उभी, गळ्यात वीणा.

“तात्या,” सोपानराव म्हणाले, “हे काय इपरीत?”

“इपरीत लिंबाजीला इचार,” तात्या उठत म्हणाले. “दोनचा पहारा कुणाचा व्हता?”

लिंबाजी खालच्या आळीकडे बघायला लागला. खालची आळी वरच्या आळीकडे बघायला लागली.

“ते नंतर बघू,” सोपानराव म्हणाले. “बाईच्या गळ्यात वीणा म्हंजी खंड झाला. अखंड मोडलं. आता पुन्हा पहिल्यापासून सप्ताह बसवावा लागंल.”

त्यांनी ते आवेशात म्हटलं आणि मग स्वतःच ऐकलं. पुन्हा सात दिवस. पुन्हा मांडव, पुन्हा भाकरी, पुन्हा हारावरून बैठका. माणसं एकमेकांची तोंडं बघू लागली. अखंड सगळ्यांना हवं होतं, पण सोमवारपर्यंतच.

“नाम थांबलं का?” जीपमधून उतरलेले महाराज विचारत होते. रुंद, शांत गृहस्थ. सकाळपासून प्रवासात होते.

“थांबलं न्हाई,” तात्या म्हणाले.

“वीणा टेकली का?”

“टेकली न्हाई. माझ्या गळ्यातून सुनंच्या गळ्यात. घराण्याचा पहारा घराण्यातच ऱ्हायला.”

“मग झालं. पंगत किती वाजता असते तुमच्याकडं?”

सोपानराव मात्र सहज सोडणारे नव्हते. अध्यक्ष होते. “ते एक ऱ्हाव द्या, महाराज. पण नामामधी अंथरूण आलं, पेटी आली, मीठ आलं. साऱ्या शिवारानं ऐकलं. नामावाचून दुसरा शब्द निघाला म्हंजी खंडच की.”

सगळे तात्यांकडे बघू लागले. मीही बघत होते, तोंडानं रामकृष्णहरि चालू ठेवून. माझं त्या गावातलं पुढचं आयुष्य कसं जाणार ते या एका वाक्यावर होतं. खंड पाडणारी सून म्हणून मला नातवंडांच्या लग्नापर्यंत ओळखलं गेलं असतं. तात्यांना फक्त मान डोलवायची होती. सहा वर्षांचा हिशेब एका मानेत चुकता झाला असता.

तात्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

“उभ्या वीणेतलं बोलणं नामातच धरतात,” ते म्हणाले.

“कुठं लिवलंय असं?”

“लिवलेलं न्हाई. आमच्या गुरुबाबांनी सांगितलंय. वीणा गळ्यात आसताना तोंडातून जे निघंल ते नाम. मग ते लुगडं असू दे न्हाईतर मीठ.”

गुरुबाबांना जाऊन वीस वर्षं झाली होती. त्यांना विचारायला जायची कोणाची तयारी दिसेना. महाराजांनी “शास्त्र बरोबर आहे” असं म्हटलं आणि पुन्हा पंगतीचा विषय काढला. सोपानरावांनी हातातला हार शेवटी महाराजांच्या गळ्यात घातला. पहिला कोणाचा हे त्या गडबडीत कोणी पाहिलं नाही. लिंबाजीनं पुढं येऊन वीणा घेतली. गरम झाकण धरावं तशी. रीतीप्रमाणे मी वाकले, तर तो दोन पावलं मागं सरकला.

अशा रीतीनं निंबगव्हाणाचा सप्ताह अखंड राहिला.

संध्याकाळी भागवतराव घरी आले ते लग्नघरातून आल्यासारखे. त्यांची टपालाची नोकरी संपली असं त्यांना वाटत होतं. ओट्यावर तात्या बसले होते, मी पातेल्यातलं दूध पेल्यात ओतत होते.

“तात्या, आज बोललात म्हणं दोघं,” भागवतराव म्हणाले.

“कोण म्हनतं?” तात्या म्हणाले. “म्या नाम घेत व्हतो. तीबी नामच घेत व्हती. भागवत, तिला सांग, दुधात साय नको.”

भागवतराव माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा बघून मला दया आली. मी साय काढली.

मी मात्र चिडले नाही. का चिडले नाही हे दुसऱ्या दिवशी कळलं. उठून बघते तर लुगडं गेल्या दिवसापासून तात्यांनी लोखंडी पेटीला घातलेलं कुलूप काढलेलं होतं आणि पेटीत कोणी तरी धान्य भरून ठेवलं होतं.

पुढच्या वर्षी सप्ताह बसला. आमच्या पहाऱ्याच्या दिवशी तात्या निघताना दारात थांबले आणि अंगणातल्या तुळशीला म्हणाले, “मांडवात गूळपाणी घेऊन कुणी तरी आलं तर बरं पडंल.” मी गेले. टाळकरी सुस्तावले होते. तात्यांनी वीणा गळ्यात घेतली, तसबिरीकडे तोंड केलं आणि सुरू झाले. “जय जय रामकृष्णहरि… नातीला तालुक्याला शाळंत घालायचं म्हणतो मी… भागवत ऐकंना… तू बोल… रामकृष्णहरि… तुझी कंबर दुखती ती अंगावर काढू नको… रामकृष्णहरि.” वर्षभराचं साठलेलं सगळं. मग घाम पुसायचा म्हणून घटकाभर वीणा माझ्या गळ्यात दिली, आणि मी माझं वर्ष काढलं. विजेची तेवढी आधी खात्री करून घेतली.

असं दर वर्षी. समितीला त्या वेळेला नेमकं फाट्यावर काम निघायचं. घरी आलो की पुन्हा “भागवत, तिला सांग.” कायमचं म्हणजे कायमचं, तात्या शब्दाचे पक्के. लोकांना आमच्या घरात अबोला आहे हेच माहीत राहिलं. पण वर्षातून एका दुपारी आम्ही जेवढं बोलायचो, तेवढं बोलणारे सासरा-सून आसपासच्या गावांत मी पाहिले नाहीत.

मग त्यांचं चालणं थांबलं. नंतर बसणं. त्या वर्षी सप्ताहाला अजून चार महिने होते, आणि एका सकाळी तात्यांना बघून मला कळलं की चार महिने त्यांच्याकडे नाहीत. मी दूध घेऊन गेले होते. भागवतराव बाजूला उभे होते, पण निरोप द्यायलाही तात्या त्यांच्याकडे बघेनात. ते भिंतीकडे बघत होते. तिथं खुंटीला त्यांची स्वतःची जुनी वीणा टांगलेली होती, एक तार तुटलेली.

मी पेला खाली ठेवला. वीणा काढली, पदरानं धूळ पुसली आणि पट्टा त्यांच्या मानेखालून घेऊन ती हलकेच त्यांच्या छातीवर ठेवली. त्यांचं बोट धरून उरलेल्या तारेवर नेलं, त्यांनी एकदा माझं नेलं होतं तसं. तार वाजली.

“रामकृष्णहरि,” तात्या म्हणाले. तसबिरीकडे नाही, माझ्याकडे बघून. मग दम घेतला.

“लुगडं देऊन घेतलेलं पातेलं… चांगलं निघालं.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. भागवतरावांना काही कळलं नाही. “पातेल्याचं काय म्हणतात?” त्यांनी मला विचारलं, सवयीनं. मी म्हटलं, “काही नाही. नाम घेतायत.”

पातेलं अजून वापरात आहे. बुडाला थोडा पोचा आला आहे, पण दूध लागत नाही. कायमचं म्हणाली होती बोहारीण. आतापर्यंत तरी तिचाच शब्द टिकलाय.